देणारा हात आणि अमानत

आमच्या शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी दर वर्षी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी आम्ही फळ्यावर लिहून देतो. शाळा उर्दू माध्यमाची, जिल्हा यवतमाळ. यादीत वसंतराव नाईक हे नाव आले की मुले खूश होतात. पुसद तालुक्यातले गहुली गाव त्यांच्या माहितीचे असते. आपल्या जिल्ह्यातला माणूस अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होता, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. मग खाली अब्दुल रहमान अंतुले हे नाव येते आणि वर्गात वेगळीच चुळबुळ सुरू होते. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ये तो अपनेवाले हैं ना? फिर दो साल भी क्यूं नई टिके?"

"इस्तीफा दे दिए," एवढेच सांगून आम्ही पुढच्या नावाकडे वळलो. मूल प्रश्न विचारते तेव्हा तो टाळू नये, असे बी.एड.ला आम्हाला शिकवले होते. आम्ही टाळला. कारण खरे उत्तर लांब होते आणि ते देताना आपल्याच माणसांच्या मनाला लागेल असे काही बोलावे लागणार होते. आज हा लेख लिहितो आहोत तो त्या मुलाचे देणे फेडण्यासाठी.

अंतुले रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १९६२ साली श्रीवर्धनमधून विधानसभेत आले. आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली तेव्हा महाराष्ट्रातले बहुतेक मातब्बर पुढारी इंदिरा गांधींपासून दूर उभे राहिले. अंतुले त्यांच्याबरोबर राहिले. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या आणि ९ जून १९८० रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे ते पहिले मुसलमान मुख्यमंत्री, आणि आजवरचे एकमेव. ज्या राज्याचे राजकारण साखर कारखाने, जिल्हा बँका आणि मराठा घराणी यांच्या भोवती फिरत होते, तिथे कोकणातला एक मुसलमान वकील दिल्लीच्या विश्वासावर खुर्चीत बसला. त्याच्या ताकदीचे मूळ दिल्लीत होते आणि कमकुवतपणाचे मूळही तिथेच होते.

त्यांच्या कामाचा झपाटा विरोधकांनीही मान्य केला. कुलाबा जिल्ह्याचे नाव त्यांच्याच काळात रायगड झाले. १ मे १९८१ रोजी जालना आणि सिंधुदुर्ग हे नवे जिल्हे झाले. औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले ते ऑगस्ट १९८१ मध्ये. आणि १९८० मध्ये आली ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, अपंग, म्हातारे, ज्यांना पाहणारे कोणी नाही अशांना सरकारने दरमहा काही रक्कम द्यायची. आमच्या भागात आजही तिला कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. "निराधारचा पगार आला का?" एवढेच बायाबापड्या विचारतात. आमचे आजोबा मात्र अखेरपर्यंत 'अंतुले साहब की पेन्शन' म्हणत.

आता दुसरी बाजू.

सिमेंटचा तो जमाना आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे. आज पैसे टाकले की दुकानातून पोते मिळते. तेव्हा सिमेंटची देशभर टंचाई होती, भाव सरकारने बांधलेला होता, आणि त्या भावाने पोते हवे तर परमिट लागे. परमिटवाले पोते आणि काळ्या बाजारातले पोते यांच्या किमतीत मोठी तफावत असे. त्यामुळे कोणाला किती पोती द्यायची हे ठरवणाऱ्या सहीलाच किंमत आली. राज्याच्या वाट्याला आलेले सिमेंट कोणत्या कामाला जावे याचा काटेकोर नियम असता, तर त्या सहीची किंमत कमी झाली असती. पण तिथे मर्जी चालत होती.

ऑक्टोबर १९८० मध्ये अंतुले यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' हा ट्रस्ट काढला. हेतू गरजू कलावंत-साहित्यिकांना मदत करण्याचा. त्याच्या जोडीला कोकणासाठी आणि इतर कामांसाठीही ट्रस्ट होते. या ट्रस्टांत देणग्या येऊ लागल्या. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि वादळ उठले. देणगी देणारे बिल्डर आणि सिमेंटचा जादा कोटा मिळवणारे बिल्डर एकच आहेत, असा आरोप झाला. साखर कारखान्यांकडून आलेल्या देणग्यांवरही प्रश्न उभे राहिले. ट्रस्टला इंदिरा गांधींचे नाव द्यायला त्यांची संमती होती की नव्हती, हा वाद संसदेत गाजला. अंतुले यांची बाजू अशी होती की पैसा चेकने आला, ट्रस्टमध्ये जमा झाला, कोणाच्या घरी गेला नाही.

प. बा. सामंत, मृणाल गोरे आदींनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. सिमेंटचे वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध होता, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच दिवशी अंतुले यांनी राजीनामा दिला. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. हा रिट याचिकेवरचा निकाल होता, फौजदारी खटल्यातली शिक्षा नव्हती. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला. त्यात गुन्हा शाबित होऊन त्यांना शिक्षा झाली, असे कधी घडले नाही. "अंतुले जेलमध्ये गेले होते," असे जे चहाच्या टपरीवर बिनधास्त सांगितले जाते ते खोटे आहे. आणि "काहीच नव्हते, सगळी बनवाबनवी," असे जे आमच्या मोहल्ल्यात सांगितले जाते तेही खरे नाही.

राजीनाम्यानंतर राज्याची घडी काही काळ विस्कटली. १८६ आमदारांच्या पक्षाला नेता निवडायचा होता, पण निवड दिल्लीत झाली. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. मधल्या दिवसांत, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाची कारणे वेगळी होती, ती अंतुले यांच्या माथी मारता येणार नाहीत. पण इतका मोठा लढा उभा राहिला तेव्हा मंत्रालयात एक मुख्यमंत्री जाण्याच्या तयारीत होता आणि दुसरा अजून यायचा होता. ज्या गिरण्या बंद पडल्या त्या कापसावर चालत होत्या, आणि कापूस म्हणजे आमचा यवतमाळ जिल्हा. मुंबईत भोंगा थांबला की त्याचा आवाज आमच्या जिनिंगपर्यंत येतो.

भोसले यांना पक्षातूनच सतत विरोध झाला. बंडखोरांविषयी 'बंडोबांचे थंडोबा झाले' हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य महाराष्ट्र विसरला नाही, पण बंडोबा फार काळ थंड राहिले नाहीत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचाच असंतोष रस्त्यावर आला. फेब्रुवारी १९८३ मध्ये भोसले गेले आणि वसंतदादा पाटील आले. म्हणजे तीन वर्षांच्या आत तीन मुख्यमंत्री. आणि ज्या सिमेंटपायी हे सारे घडले, त्याचे नियंत्रण केंद्राने २८ फेब्रुवारी १९८२ रोजी अंशतः उठवले. राजीनाम्यानंतर पुरते दोन महिनेही झाले नव्हते. १९८९ मध्ये ते पूर्ण उठले. ज्या सहीसाठी माणसे ताटकळत उभी राहत, त्या सहीची किंमतच संपली.

खटल्याचा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. भाजपचे रामदास नायक यांनी फिर्याद केली. जुलै १९८२ मध्ये राज्यपालांनी खटला भरायला मंजुरी दिली. मग प्रश्न आला की अंतुले आमदार तर आहेतच, तेव्हा आणखी कोणाची मंजुरी लागते का? १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितले, ज्या पदाच्या गैरवापराचा आरोप आहे ते पद सुटले की मंजुरीची गरज उरत नाही. खुर्चीचे कवच खुर्चीबरोबर जाते. पण त्याच निकालात खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे देण्यात आला. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले की हे चुकले. कायद्याने असा खटला विशेष न्यायाधीशापुढेच चालायला हवा होता आणि अंतुले यांचा तो हक्क गेला. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली, तीही ज्याच्या विरोधात जनमत तापलेले होते अशा माणसासाठी. १९९१ च्या डिसेंबरात त्यांच्याच नावाच्या आणखी एका निकालाने खटला लवकर चालण्याचा हक्क स्पष्ट केला. खटल्याविना खितपत पडलेल्या कैद्याचा वकील आजही त्या निकालाचा दाखला देतो.

आता आमच्या मोहल्ल्यातल्या बोलण्याकडे येऊ. "मुसलमान होते म्हणून पाडले," हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे येणे अनेकांना सलत होते, हे खरे. त्यांची चूक झाली तेव्हा ती एका माणसाची न राहता सबंध कौमची झाली, हेही खरे. १९८६ साली मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला. २०१० मध्ये 'आदर्श' प्रकरणात अशोक चव्हाण गेले. तेव्हा कोणी त्यांच्या जातीकडे बोट दाखवले नाही. आमच्याकडे मात्र अजून दाखवले जाते. ही तक्रार न्याय्य आहे आणि ती आम्ही करत राहू.

पण कटाची गोष्ट तपासायला गेलो की ती हातात राहत नाही. याचिका करणाऱ्या मृणाल गोरे समाजवादी होत्या, पाण्यासाठी आणि झोपडपट्टीवासीयांसाठी आयुष्यभर लढलेल्या. त्यांना मुसलमानांच्या वैरी कोण म्हणेल? न्यायाधीश पारशी होते. पुढे त्यांनीच जे. जे. रुग्णालयातल्या औषधकांडाची चौकशी केली आणि त्या अहवालाने काँग्रेसच्याच आरोग्यमंत्र्याला घरी बसवले. खटल्याला मंजुरी मिळाली तेव्हा राज्यपाल होते निवृत्त एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ, म्हणजे नावाने आमच्यातलेच. आणि अंतुले यांना ज्यांनी आणले त्याच पक्षश्रेष्ठींनी त्यांना जाऊ दिले. कट म्हणावा तर त्यात सगळेच सामील होते असे म्हणावे लागेल, आणि ज्यात सगळेच सामील ते कट कसले?

आम्हाला वाटते, या प्रकरणाचा निवाडा करायला आमच्याकडे एक जुना मापदंड आहे आणि तो आम्ही वापरत नाही. मदरशात आणि दीनियातच्या तासाला आम्ही मुलांना एक हदीस सांगतो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी एका माणसाला जकात गोळा करायला पाठवले. तो परत आला आणि म्हणाला की हा माल तुमचा, आणि हा मला भेट म्हणून मिळाला. हुजूर नाराज झाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का?

सारे प्रकरण या एका प्रश्नात मावते. अंतुले आंबेतला आपल्या घरी बसून राहिले असते, तर मुंबईच्या बिल्डरांनी कलावंतांच्या ट्रस्टसाठी चेक फाडले असते का? पैसा घरी गेला नाही, हे मानले. हेतू चांगला होता, हेही मानले. तरी प्रश्न उरतोच, कारण भेट माणसाला मिळाली नव्हती, ओहद्याला मिळाली होती. आणि ओहदा ही अमानत असते. अमानतीतून सखावत करता येत नाही. दुसऱ्याच्या ठेवीतून दिलेला सदका कबूल होतो का, हे आमचा सातवीतला मुलगाही सांगेल.

इथे आजोबांची एक आठवण सांगायलाच हवी. त्या वर्षांत आमच्या मशिदीच्या वजूच्या हौजाचे काम अडले होते. घरे तेव्हा मातीची आणि कवेलूची असत, त्यांना सिमेंट लागत नसे. पण हौज गळू लागला की त्याला सिमेंटच हवे. कमिटीच्या लोकांनी एका सरकारी कचेरीत अर्ज केला, हेलपाटे घातले आणि कित्येक महिन्यांनी सात पोती मिळाली. आजोबा ही गोष्ट हसत हसत सांगत. तेच आजोबा, घरात अंतुले साहेबांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो जपून ठेवणारे. दोन गोष्टी त्यांच्या मनात शेजारी शेजारी राहिल्या, त्यांची गाठ कधी पडली नाही. आम्हीही ती पाडली नाही, वय झालेल्या माणसाचे मन कशाला दुखवायचे म्हणून. पण हिशेब साधा आहे. सिमेंट मोजके होते. मुंबईत मर्जीने गेलेले प्रत्येक जादा पोते कोणत्या तरी रांगेतून उचललेले होते. ती रांग कोणाची होती? कोणाच्या विहिरीची, कोणाच्या शाळेची, कोणाच्या हौजाची. 'आपला माणूस' खुर्चीत होता आणि आपण रांगेत होतो.

म्हणून आम्ही या कारकिर्दीकडे एकाच प्रश्नातून पाहतो. देणे मर्जीवर होते की नियमावर? आमच्या जिल्ह्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईकांच्या सरकारने रोजगार हमीची कामे राज्यभर नेली. नाईकही छोट्याशा बंजारा समाजातून आलेले. पण त्या कामांचे मोठेपण असे की नाईक गेल्यानंतर, १९७७ मध्ये, त्यांचा कायदा झाला. मग मजुराला काम मागताना कोणाची सही विनवायची गरज राहिली नाही, निदान कागदावर तरी. निराधार योजनाही तशीच टिकली. निकष ठरले, अर्जाचा नमुना ठरला, आणि देणारा हात गेला तरी देणे चालू राहिले. २०२३ मध्ये ती रक्कम १,५०० रुपये झाली. आज ती घेणारी म्हातारी अंतुले कोण हे जाणत नाही, आणि तिला जाणायची गरजही नाही. हेच त्या योजनेचे यश. प्रतिष्ठान मात्र एका सहीवर उभे होते. सही गेली तशी त्याची शान गेली, आणि ते राजकारणात उरले ते प्रकरणाचे नाव म्हणून.

अंतुले यांची गोष्ट १९८२ ला संपत नाही. ते पुढे लोकसभेत गेले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले. २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालय नव्याने निघाले तेव्हा त्याचे पहिले मंत्री तेच. त्यांच्याच कारकिर्दीत, २००८ मध्ये, अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. पालकांचे उत्पन्न एक लाखाच्या आत आणि निम्मे गुण, एवढी अट. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या वह्या आणि दप्तरे त्या पैशातून आली. फॉर्म आम्हीच भरत होतो. मग २०२२-२३ पासून केंद्राने ती नववी-दहावीपुरती ठेवली आणि पहिली ते आठवीची मुले बाहेर गेली. नियम मर्जीपेक्षा बरा, पण योजनेचा नियम एका पत्राने बदलतो. कायदा तितका सहज बदलत नाही. हाही धडा आम्ही त्याच माणसाच्या गोष्टीतून शिकलो.

२ डिसेंबर २०१४ रोजी अंतुले यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्यानंतर महाराष्ट्रात मुसलमान मुख्यमंत्री झाला नाही. कधी होईल का, हा प्रश्न आमच्या समाजात पुन्हा पुन्हा निघतो. आम्हाला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. झालाच, तर आपण त्याच्याकडे काय मागणार? परमिट मागणार की कायदा? आपला माणूस म्हणून सही मागायला गेलो, तर उद्या त्याच सहीपायी तो जाईल, आणि बदनामी पुन्हा आपल्या दारात येईल.

यंदा यादी फळ्यावर लिहिली तेव्हा अंतुले यांच्या नावापाशी आम्ही थांबलो. कोणी विचारायच्या आधीच मुलांना सांगितले की हे दीड वर्षात निराधारांची योजना देऊन गेले, दोन जिल्हे देऊन गेले, आणि सिमेंटच्या वाटपात अमानतीचा हिशेब चुकला म्हणून त्यांना जावे लागले. एका मुलीने वहीतून मान वर केली. "तो सर, वो अच्छे थे के बुरे?"

आम्ही तिला ती हदीस सांगितली आणि म्हटले, आता तूच ठरव. तिने अजून काही सांगितलेले नाही. आम्ही वाट पाहतो आहोत.